बातुरहून फोन

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघी बालीला गेलो. मी, विनिता आणि हर्षा. गोव्यातल्या साखळीच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. हर्षा आता पेडण्याला शिक्षिका आहे, विनिता लग्न करून कारापूरला गेली आणि मी डिचोलीच्या एका लॅबमध्ये चौदा वर्षं लोकांचं रक्त तपासते आहे. घरदार सोडून तिघींनीच कुठेतरी जायचं, हे कॉलेजपासून नुसतं बोलणंच चाललं होतं. शेवटी विनिताचा नवरा शिवदासच म्हणाला, पाच दिवसांचा तर प्रश्न, ताराला मी आणि आई बघतो. तारा त्यांची मुलगी, साडेतीन वर्षांची. मोपाच्या विमानतळावर ती रडली नाही, फक्त आईच्या ओढणीचं टोक बराच वेळ धरून होती.

दोन दिवस समुद्रावर काढल्यावर हर्षा म्हणाली, दर्या बघायला इतक्या लांब कशाला यायचं? म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही बातुरच्या पायथ्याशी, तळ्याकाठच्या एका होमस्टेमध्ये राहायला गेलो. बातुर हा जिवंत ज्वालामुखी. जेवणं झाल्यावर कादेक नावाचा ड्रायव्हर आम्हाला जीपने लाव्हाच्या पठारावर घेऊन गेला.

आम्ही खाणींच्या मुलखातल्या, उकरलेला डोंगर आम्हाला नवा नाही. पण आमच्याकडची माती लाल, पाय पडला की रंग सोडते. इथे नजर जाईल तिथवर थिजलेले काळे दगड, हाताला खरखरीत, सगळे भोकाभोकांचे. मधूनच एखाद्या फटीतून कोमट वाफ येत होती. एकही पक्षी नव्हता. आम्ही बोलायचो ते शब्द लगेच विरून जायचे, दगड शोषून घेत असल्यासारखे.

तीनच्या सुमाराला विनिताला लघवीला जायचं होतं. ती हसत हसत एका मोठ्या दगडाच्या मागे गेली. त्याच वेळी वरून धुकं उतरलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आम्ही हाका मारल्या. मी त्या दगडामागे जाऊन आले. तिथे कोणी नव्हतं. कादेकला म्हटलं, चल शोधायला. तो जीपला टेकून उभा राहिला आणि मान हलवून नाही म्हणाला. धुक्यात इथे कोणी कोणाला हाक मारत नाही, एवढंच तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला.

पंचवीस मिनिटांनी विनिता आली, ती गेली होती त्याच्या नेमक्या उलट बाजूने. कपड्यांवर धूळ नव्हती, धाप लागलेली नव्हती. हर्षाने तिला मिठी मारली आणि मग शिव्या घातल्या. ती म्हणाली, वाट चुकली गो. आम्ही दोघी जीपमध्ये चढलो तेव्हा कादेकने हात दिला होता. विनिताला त्याने दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेच्या मालकिणीने नाश्त्याच्या दोनच थाळ्या आणल्या. आम्ही तिघी आहोत, असं मी म्हणाले. ती आत गेली, तिसरी थाळी घेऊन आली आणि विनितासमोर न ठेवता माझ्या हातात देऊन गेली. मला राग आला. त्यापलीकडे मी काही विचार केला नाही.

घरी परतलो. मोपाला शिवदास ताराला घेऊन आला होता. तारा धावत जाऊन आईच्या कमरेला बिलगली. सगळं होतं तसं सुरू झालं.

परतल्यानंतर पाचव्या दिवशी मी लॅबमध्ये असताना व्हॉट्सॲपवर फोन आला. होमस्टेची मालकीण होती. तुमची मैत्रीण आज डोंगरावरून खाली आली, पायांना जखमा आहेत, खूप रडते आहे, तुम्ही न्यायला कधी येणार, असं ती इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द उच्चारत सांगत होती. नंबर चुकलाय असं मी म्हणणार, तोच पलीकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला.

"सेजल, तुमी माका सोडून कशी गेलात गो?"

मी फोन बंद केला आणि लगेच विनिताला लावला. तिने उचलला. कुकरची शिटी ऐकू आली. काय गो, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, सहज.

संध्याकाळी हर्षाशी बोलले. ती म्हणाली, आजकाल आवाजाची नक्कल करून फसवतात, नंबर ब्लॉक कर. मला ते पटलं. तरी मी ब्लॉक केलं नाही. मालकिणीला फोटो पाठवायला सांगितलं. फोटोत एक बाई पायरीवर पाठमोरी बसली होती, डोंगराकडे तोंड करून. अंगात विनिताचं निळं जाकीट होतं, त्या दिवशी पठारावर घातलेलं. त्याच दुपारी मी लॅबमधून मुद्दाम कारापूरला डोकावून आले होते, तेव्हा तेच जाकीट तिच्या दोरीवर वाळत होतं.

मग मला जे येतं ते मी केलं. थकल्यासारखी दिसतेस, हिमोग्लोबिन बघूया, असं सांगून विनिताला लॅबमध्ये बोलावलं. तिला थॅलेसेमिया मायनर आहे. ताराच्या वेळी ती गरोदर असताना मीच ते पकडलं होतं. तिच्या लाल पेशी लहान, फिकट, मधे ठिपका असलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या शंभरांतून ओळखेन. काच सरकवली. त्याच पेशी होत्या. रक्तगट बी निगेटिव्ह. जुन्या रिपोर्टशी आकडे जुळले.

म्हणजे आमच्याकडे असलेली विनिता ही विनिताच होती. त्या रात्री मी शांत झोपले.

सकाळी परत फोन. या वेळी मी विचारलं, माझं कानातलं कुठे हरवलं होतं? घरी मी शिरगावच्या जत्रेत गर्दीत पडलं म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

"मयेच्या तळ्यार," ती लगेच म्हणाली. "मीया पाण्यात उतरून सोधलंय." मग तिने विचारलं, "तारा कशी आसा? रातची माका सोधता?"

मी म्हटलं, तारा बरी आहे.

"सेजल, ताराकडे कोण आसा?"

मी म्हटलं, तू तिथेच थांब, मी येते.

मी गेले नाही. तिकिटं कधी आहेत तेही पाहिलं नाही. शिवदासला काय सांगणार होते? ताराला काय सांगणार होते? मी रोज कारापूरला जाऊन बसायचे. विनिता मुलीची वेणी घालायची, तिला पेज भरवायची, खोटं खोटं रागवायची. कुठेच काही चुकत नव्हतं. कधी कधी वाटायचं, पूर्वीपेक्षा ती जास्त प्रेमाने वागते.

फोन रोज यायचा. मी उचलणं सोडलं होतं.

जूनच्या मध्याला ताराची बालवाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी विनिताने मलाही सोबत बोलावलं. फाटकापाशी शिक्षिका पोरांचे हात आईच्या हातातून सोडवून घेत होत्या. तारा आत ओढली गेली आणि मोठ्याने रडायला लागली. मला बघवेना.

त्याच वेळी माझ्या पर्समधला फोन थरथरू लागला. आवाज मी बंद करून ठेवला होता. तेवढ्या कोलाहलात कोणाला काही कळण्यासारखं नव्हतं.

विनिताने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चार दिस रडतत," ती समजावत म्हणाली. "मगे गप्प ऱ्हवतत."

ती शाळेकडे बघत नव्हती. माझ्या पर्सकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तिसऱ्या दिवशी आला. चौथ्या दिवशी दोनदाच वाजून थांबला.

पाचव्या दिवशी मी सकाळपासून फोन समोर ठेवून बसले होते. अंधार पडला तरी तो वाजला नाही.