ठेवपेशी

आईच्या रक्तातून लेकराच्या ठेवपेशी गाळून काढायला आता तासभरही लागत नसे. म्हणूनच डॉ. फरीदा मुजावरांनी दुसऱ्यांदा रक्त मागितलं, तेव्हा वैजयंताला शंका आली.

तिच्या तीन वर्षांच्या रेवतीच्या हृदयातून दोनऐवजी एकच मोठी रक्तवाहिनी निघाली होती. लाखात सात-आठ मुलांना असणारा दोष. तान्ही असताना बसवलेली कृत्रिम नळी आता अपुरी पडत होती. रेवती वाढली, नळी वाढली नाही. मुलाबरोबर वाढणारी नळी फक्त ठेवपेशींपासून घडवता येई. गरोदरपणी गर्भाच्या काही पेशी आईच्या अंगात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात; त्याच या ठेवपेशी. मुलाच्या पेशी वयाबरोबर निबर होतात. या मात्र गर्भातल्याइतक्याच कोवळ्या.

"पेशी कमी पडल्या का, मॅडम?"

"भरपूर मिळाल्या, ताई." डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "पण त्या रेवतीच्या नाहीत. दुसऱ्याच मुलीच्या आहेत."

"असं कसं? मी एकदाच बाळंत झालेय."

"म्हणून तर दोनदा तपासलं."

वैजयंताला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. प्रसूतिगृहात बाळांची अदलाबदल झाली होती.

"रेवतीच्या पेशी जिच्या अंगात आहेत, ती आई शोधावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "जुनी नळी फार तर दोन महिने टिकेल. पण शोध घेतला, की सगळं उघड होईल. विचार करा."

"शोधा," वैजयंता म्हणाली.

आठव्या दिवशी शालन घोंगडे आली. त्याच प्रसूतिगृहात, त्याच दिवशी बाळंत झालेली. तिच्या कडेवर मुलगी होती. वैजयंताचीच जिवणी, वैजयंताच्याच जाड भुवया. वैजयंता नकळत दोन पावलं पुढे गेली.

शालनने मुलीचं तोंड पदराआड घेतलं. "रक्त हवं तेवढं घ्या, बाई. पण माझ्या पोरीकडे असं बघू नका."

वैजयंताने मान खाली घातली.

तीन आठवड्यांत नळी तयार झाली. शस्त्रक्रिया सात तास चालली. "रेवती धोक्याबाहेर आहे," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शालन हमसून हमसून रडली. मग डोळे पुसत रेवतीच्या खोलीपाशी आली.

"एकदाच हात लावू का तिला?"

वैजयंता दारात आडवी उभी राहिली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. पण पाय हलेनात.