तिरकं बघितलं की दिसतं

ती वाकली, एक डोळा मिटला आणि पत्र्यांच्या त्या ठोकळ्यातून पलीकडे काही दिसतंय का ते बघू लागली.

काही दिसेना. नुसता चंदेरी अंधार.

ठोकळा नुकताच खोक्यातून काढून टेबलावर उभा ठेवलेला होता. पातळ पत्र्यांना बारीक बारीक घड्या घातलेल्या. एका पत्र्याच्या घड्या डावीकडे उतरत्या, त्याला चिकटलेल्या पुढच्याच्या उजवीकडे. लांबून मधाचं पोळंच वाटावं असा. तिने मान कलती केली, अजून थोडी... आणि अचानक एक अरुंद वाट मोकळी झाली. वाटेच्या टोकाला उजेडाचा ठिपका होता. त्या ठिपक्यात एक डोळा होता. तपकिरी. त्याची पापणी लवली.

"आई गं!" ती मागे सरकली आणि तिचं हेल्मेट खोक्यावर आपटलं.

"सरळ बघून उपयोग नाही," पलीकडून आवाज आला. "तिरकं बघावं लागतं."

"माहितीये मला. मीच मागवलंय हे."

"अच्छा! म्हणजे थेंबताई तुम्हीच?"

तिचे कान तापले. थेंब न् थेंब मोजते म्हणून कारखान्यातल्या लोकांनी तिला ठेवलेलं हे नाव बाहेरच्या माणसापर्यंत इतक्या लवकर पोचावं म्हणजे काय! तो टेबलाला वळसा घालून पुढे आला. गुडघ्यांना धूळ, चष्मा कपाळावर चढवलेला, चेहऱ्यावर सापडलेल्या चोराचं हसू.

"मी पॅकिंगच्या कंपनीकडून आलोय. हे कॉलममध्ये बसवायला."

"आणि आत काय शोधत होता?"

"चेपलेली घडी. प्रवासात एखादी दबते." तो थांबला. "घडी नाही सापडली. डोळा सापडला."

याचं उत्तर तिला तीन खोकी पुढे गेल्यावर सुचलं, आणि तोवर उशीर झाला होता.

आवारात उभा असलेला तो उंच, पोकळ लोखंडी कॉलम म्हणजे तिचा जीव की प्राण. खालून वाफ वर चढते, वरून द्रव खाली उतरतो, वाटेत दोघांची गाठ पडते आणि एकात मिसळलेले दोन पदार्थ वेगळे होतात. इतकी वर्षं ही गाठ भोकं पाडलेल्या ट्रेंवर पडायची. तिथे सगळी ढकलाढकली! वाफेला जोर लावूनच वर जावं लागे आणि तो जोर आणायला बॉयलर धापा टाकत असे. त्याऐवजी आत घड्यांच्या पत्र्यांचे ठोकळे, म्हणजे हे पॅकिंग, भरले तर द्रव पातळ पापुद्र्यासारखा पसरून उतरेल, वाफ सहज वर जाईल, असं ती दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती. शेवटी मोठे साहेब कंटाळून हो म्हणाले. पण काढलेले ट्रे त्यांनी भंगारात घालू दिले नाहीत. कॉलमच्या पायथ्याशीच ताडपत्रीखाली रचून ठेवले.

"तुमचं जमलं तर उत्तम," ते म्हणाले होते. "नाही जमलं तर हे परत चढवायचे. आणि मग हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

रोज सकाळी ती त्या ताडपत्रीकडे नजर न वळवता पुढे जायची.

पॅकिंग चढू लागलं. ठोकळे मॅनहोलमधून, कॉलमच्या अंगातल्या माणूस जेमतेम शिरेल एवढ्या भोकातून, आत जायचे, तुकडे जुळवून एक गोल थर व्हायचा, त्यावर पुढचा थर पाव वळण फिरवून. पॅकिंगवर पाय द्यायचा नाही, फळ्या टाकून त्यांच्यावर बसायचं, खिशात किल्ली, पेन, काही म्हणता काही ठेवायचं नाही. मॅनहोलच्या तोंडाशी स्टुलावर म्हातारे फिटरकाका बसायचे. आत माणूस असेपर्यंत तिथून हलायचं नाही आणि आतल्या आवाजाकडे कान द्यायचा, हेच त्यांचं काम. कामगारांनी पोळ्यासारख्या ठोकळ्यांवरून पॅकिंग बसवणाऱ्या त्या पाहुण्याचं नाव 'मधवाले साहेब' पाडून टाकलं होतं.

"प्रत्येक थर फिरवता कशाला एवढा?" काकांनी एकदा विचारलं.

"एकाच बाजूने वाहायची सवय लागू नये म्हणून," तो आतून म्हणाला. मग मान बाहेर काढून, काकांकडे न बघता, "वळण बदललं की नवी ओळख होते, काका."

"थेंबताई, हा माणूस पॅकिंगबद्दल बोलतोय ना?"

"बहुतेक," ती म्हणाली आणि उगाचच बोल्ट मोजू लागली.

घरी आत्याच्या कानावर तेवढंच नाव गेलं. "मधवाला? मग एक बाटली आण की. तुझ्या घशाला बरा."

"तो मध नाही विकत, आत्या."

"मग रोज जेवताना त्याचा विषय कशाला काढतेस?"

तिने मोठा घास घेतला.

सगळ्यात वर द्रव वाटून देणारी पन्हळींची चौकट बसली. या पन्हळींच्या तळाला बारीक भोकं. प्रत्येक भोकातून सारखंच पाणी पडलं पाहिजे. वर वाटणी चुकली तर खाली पॅकिंग कितीही चांगलं असो, फुकट. त्याने दुपारी पाणसळ, बुडबुडा असलेली ती काचेची नळी, ठेवून चौकट सपाट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पन्हळींत पाणी सोडलं आणि भोकांखाली पेले धरले.

पश्चिमेकडचे पेले भरले. पूर्वेकडचे अर्धेमुर्धे राहिले.

तिने पेले पुसले, पुन्हा धरले. तेच.

"चौकट सपाट नाहीये," ती म्हणाली.

"काल मी स्वतः लावलीये."

"पाणी पश्चिमेला जास्त पडतंय."

पाणी ओसरून त्याला पुन्हा आत शिरता येईपर्यंत दुपार झाली. त्याने पाणसळ ठेवली, टॉर्च मारला. बुडबुडा मधोमध.

"बघा. बुडबुडा खोटं बोलत नाही."

"माझे पेलेही बोलत नाहीत."

"मग एकेक पेला हातात धरताना... म्हणजे, हात जरा..."

"माझा हात हलला?" तिचा आवाज इतका शांत झाला की काका स्टुलावर सावरून बसले. "तुम्ही मला बोलायचं तेवढं बोललात." ती जिना उतरून गेली.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. "भांडा, पण उद्यापर्यंत. मग मी कॉलम चालू करणार. माल शुद्ध आला तर आला. नाहीतर..." त्यांनी खिडकीतून ताडपत्रीकडे नुसतं बोट केलं.

उजाडायच्या आत ती कॉलमच्या माथ्यावरच्या जाळीच्या मचाणावर पोचली. आकाश राखाडी, कठड्याचं लोखंड गार. तिला वाटलं होतं आपण पहिल्या. पण मॅनहोलपाशी काका बसलेले होते, हातात चहाचा कप, डोळ्यांत झोप.

"माझ्याकडे कशाला बघता? मधवाल्या साहेबांनी उठवलं."

तो मॅनहोलमधून अर्धा आत होता. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"बुडबुडा पूर्वेला सरकलाय," तो म्हणाला. "पूर्वेची बाजू उंच आहे. तुमचे पेले बरोबर होते. आणि हाताबद्दल जे बोललो ते... मला बोलायला नको होतं."

तिला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. "पण काल दुपारी बुडबुडा मधोमध होता. मी पण पाहिला."

"होता."

"मग?"

दोघं तिथेच बसली. काकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला, झाकण एकच होतं. आधी तिने घोट घेतला, मग त्याने. सूर्य वर आला. ऊन कठड्यावरून सरकत कॉलमच्या अंगावर पसरलं. ती उठली, मॅनहोलमधून डोकावली, टॉर्च मारला.

"अहो... बुडबुडा चालतोय."

"काय?"

"अजून पूर्वेला गेलाय. मगाशी त्या रेघेपाशी होता."

तिने कॉलमच्या पूर्वेच्या अंगावर तळवा ठेवला. कोमट. मग वळसा घालून पश्चिमेला. थंडगार. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. एरवी कॉलमच्या अंगावर उष्णता धरून ठेवणारा जाड थर असतो, त्याला सगळे कोट म्हणत. जुना झाला म्हणून या कामासाठी कॉलम बंद केला तेव्हाच तो उतरवलेला होता.

"याच्या अंगावर कोट नाहीये," ती हळूच म्हणाली. "ऊन लागलं की ती बाजू लांबते आणि हा दुसरीकडे झुकतो. आता पश्चिमेकडे झुकतोय. दुपारी पूर्वेकडे झुकला असणार. तुम्ही झुकलेल्या कॉलममध्ये चौकट अगदी सपाट लावलीत."

त्याने कपाळावर हात मारला. "आणि हे मी दुसऱ्यांना शिकवत फिरतो! उंच कॉलमचं माप ऊन यायच्या आत घ्यायचं. आजवरच्या सगळ्यांना कोट होता, म्हणून..." तो हसायलाच लागला. "म्हणजे काल आपण दोघंही खरं बोलत होतो?"

"तुम्ही दुपारचं. मी सकाळचं."

"आणि कॉलम?"

"चालू होईल तेव्हा त्याला कोट असेल. मग उन्हाने झुकणार नाही, म्हणून पहाटेचा सरळ तोच खरा."

मोठ्या साहेबांपुढे तो आधी बोलला. "चूक माझी. यांनी पकडली नसती तर तुमचा माल बिघडला असता, खापर पॅकिंगवर फुटलं असतं आणि मी तोवर पुढच्या साइटवर पोचलो असतो. एक पहाट द्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "थेंबताई?"

"एक पहाट पुरेल, सर."

दुसऱ्या पहाटे ती दोघं कॉलमच्या आत होती, फळ्यांवर पालथी, तोंडाला तोंड करून, मध्ये पन्हळींची चौकट. टॉर्च तिच्या हातात, पाना त्याच्या.

"अजून थोडं," ती म्हणाली. "अजून... बास. किंचित मागे."

"तुम्हाला किंचित म्हणजे नक्की किती ते कळतं?"

"तुम्हाला कळत नाही?"

"तुम्ही म्हणता तेव्हा कळतं."

बोल्ट फिरला. बुडबुडा मधे येऊन थांबला. टॉर्चच्या उजेडात त्याच्या भुवईवर घामाचा थेंब होता आणि तो कधी पडेल याकडेच तिचं लक्ष होतं.

"परवा निघतोय मी," तो म्हणाला. "पुढची साइट बरीच लांब आहे."

"माहितीये."

"तुम्हाला सगळंच माहीत असतं."

"सगळं नाही." तिने टॉर्च खाली केला. अंधारात बोलणं सोपं पडत होतं. "एक सांगायचं होतं. मी काही मोजलं की लोक म्हणतात, चालतंय हो, एवढं काय. नेहमीच. तुम्ही माझ्याशी भांडलात, पण पहाटे उठून बघायला आलात. मी चुकले असेन अशी तुमची खात्री असतानाही... त्याचे आभार मानायचे होते."

"खात्री नव्हती. झोपच लागली नाही." त्याने पाना फळीवर ठेवला. "नुसते आभार?"

कुठून तरी पाण्याचा एक थेंब पत्र्यावर पडला. टिक्.

"...नुसते नाहीत," ती म्हणाली.

फळीच्या कडेवर तिचा हात होता. त्याने आपला हात त्याच्या शेजारी आणून ठेवला. मग कुणी कुणाचा धरला हे त्या अंधारात नक्की सांगता आलं नसतं.

मॅनहोलमधून खोकल्याचा आवाज आला.

"काका!" ती दचकली. "तुम्ही काही ऐकलं नाही ना?"

"ऐकायलाच बसवलंय मला इथे! आतला आवाज बंद झाला की घाबरायचं, असा नियम आहे. मघाशी बराच वेळ बंद होता, तेव्हा घाबरलो होतो. आता ठीक वाटतंय."

पाणी सोडलं. त्या लोखंडी विहिरीत बारीक पाऊस सुरू झाला. सगळ्या भोकांतून एकसारखा, एका लयीत, ना इकडे जास्त ना तिकडे कमी. तिने पेले ओळीने मांडले. पाणी सगळ्यांत सारखं चढलं होतं. शेवटच्या पेल्याकडे ती इतका वेळ बघत राहिली की शेवटी तो म्हणाला, "अजून काही चूक?"

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले होते. "काही नाही."

कोट चढला, कॉलम तापला. तो आपल्या लांबच्या साइटवर पोचला त्या दिवशी पहिला नमुना प्रयोगशाळेतून आला. माल पूर्वीपेक्षा शुद्ध, वाफ पूर्वीपेक्षा कमी. मोठे साहेब तडक खाली गेले आणि त्यांनी स्वतः ताडपत्री ओढून काढली. "घेऊन जा रे हे ट्रे भंगारात," एवढंच म्हणाले. तिने त्याला फोन लावला आणि तिला शब्दच फुटेनात.

"थेंबताई? आवाज बंद झाला की घाबरायचं असतं," पलीकडून तो म्हणाला. तेव्हा कुठे ती हसली.

तिकडचं काम संपवून सुट्टी मिळाल्यावर तो आला तो थेट घरी. एका हातात मधाची बाटली, दुसऱ्या हातात पॅकिंगचा छोटा नमुना.

"हा मध आत्यांना. कारण माझी ओळख तशीच झालीये ना. आणि हा तुला."

आत्याने बाटली बाजूला ठेवली आणि ठोकळाच उचलला. उलटा केला, सुलटा केला, डोळ्याशी धरला. "याच्यासाठी एवढा खटाटोप? यातून तर काहीच दिसत नाही."

"सरळ नाही, आत्या. तिरकं बघ," ती म्हणाली.

आत्याने मान कलती केली. तो पटकन समोर जाऊन वाकला आणि पलीकडून डोळा लावला. ती दाराला टेकून दोघांकडे बघत राहिली. त्या कोट उतरवलेल्या कॉलमचे, चुकीच्या बाजूला पडलेल्या पाण्याचे, काकांच्या त्या एकाच झाकणाचे, सगळ्यांचे एकदमच आभार मानावेत असं तिला वाटलं.

आत्या खूप वेळ बघत राहिली. त्याची मात्र पापणी हलवायची हिंमत होईना.

"डोळा चांगला आहे," शेवटी आत्या ठोकळा खाली ठेवत म्हणाली. "आता बाकीचा माणूस बसव इथे माझ्यासमोर. आणि तू काय दाराला टेकून उभी आहेस? चहाचं बघ. तीन कप."