सात नंबरचा कागद

घरांतले हवेचे डक्ट साफ करणारे ते गृहस्थ कामावर निघताना दोन वस्तू कधी विसरत नसत. एक जाड वही आणि दुसरा जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कुठल्या घरात कुठल्या जाळीतून काय निघालं, ते सगळं वहीत. म्हणून लोक त्यांना वहीवाले म्हणायचे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची धूळ उपसून त्यांची कंबर गेली होती, गुडघे कुरकुरत होते. त्या दिवशी तर गाडीतून शिडी उतरवतानाच त्यांना वाटलं, एवढं एक घर उरकलं की दोन दिवस अंथरुणातून उठायचं नाही.

घर साधंच, दुमजली. तळघरातलं यंत्र हवा गरम करायचं आणि पत्र्याच्या डक्टमधून ती खोल्याखोल्यांत पोचायची. दार उघडणाऱ्या बाईचे डोळे जागरणाने तांबारले होते.

"मुलीची छाती भरते हो," ती म्हणाली. "नऊ वर्षांची आहे. डॉक्टर म्हणाले, आधी घरातली हवा साफ करून घ्या. आठवड्याभरात उतार पडला नाही तर ॲडमिट करावं लागेल."

"पडेल," वहीवाले म्हणाले. हे ते सगळ्यांनाच सांगत.

"आत असतं तरी काय?"

"काय नसतं ते विचारा. एका घरात सासऱ्यांची कवळी निघाली. दोन वर्षं सुनेवर आळ होता."

बाई हसली आणि हसता हसताच तिला जांभई आली.

वहीवाल्यांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक जाळीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवायचा, त्यावर नंबर टाकायचा आणि खाली हवा ओढणारा मोठा व्हॅक्यूम सुरू करायचा. कागद जाळीत आत खेचला गेला, तर वाट मोकळी. नाही खेचला गेला, तर डक्ट तुंबलेला. शेवटी सगळे कागद मोजून परत न्यायचे. लोकांच्या घरात आपला चिटोराही मागे ठेवायचा नाही.

इथे अकरा जाळ्या, अकरा कागद. सातवी जाळी मुलीच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी. मुलगी उशांना टेकून बसली होती. श्वास ओढताना तिच्या गळ्याखाली खळगा पडत होता.

"ही आबांची खोली होती," ती म्हणाली.

"माझे सासरे," आई दारातून हलक्या आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षी गेले. त्यांचाही श्वासाचाच आजार."

व्हॅक्यूम घरघरू लागला. वहीवाले एकेक जाळी बघत निघाले. सहा कागद जाळीला घट्ट बसले होते. सातवा बाहेर फुगला होता.

मग तो हळूच आत गेला. पुन्हा फुगला. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा, सावकाश. कागदाच्या कडेने छातीला चोळायच्या मलमाचा आणि जुन्या लोकरीचा वास येत होता.

"उलटा झोत असेल," वहीवाले पुटपुटले. वीस वर्षांत त्यांनी असा झोत पाहिला नव्हता.

"ते आबा आहेत," मुलगी म्हणाली. "मला श्वास घेता येत नाही ना, तेव्हा ते घेतात."

वहीवाल्यांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्या छातीकडे. दोन्ही बरोबर वर येत होती, बरोबर खाली जात होती. त्यावर विचार करायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. ते तळघरात उतरले आणि सातव्या जाळीकडे जाणाऱ्या डक्टच्या फाट्यात ब्रश घातला. तो हातभर आत गेला असेल, तेवढ्यात वरून आईची हाक आली.

व्हॅक्यूम बंद करून ते जिना चढले. मुलीचं तोंड उघडं होतं, ओठ निळे पडले होते. श्वास नव्हता. कागद जाळीला चिकटून सपाट झाला होता. घर गप्प. मग कागद किंचित सळसळला... मधोमध फुगला... आणि मुलीने श्वास ओढला.

"काका... काय झालं हो?" आईने विचारलं.

"धूळ उडाली असेल," वहीवाले म्हणाले.

दहा फाटे त्यांनी नीट साफ केले. सातव्याला पुन्हा हात लावला नाही. वहीत मात्र लिहिलं, 'सात – स्वच्छ'. त्या वहीतली ती पहिली खोटी नोंद. मग कागद काढत काढत ते मुलीच्या खोलीत आले. तिने त्यांचं मनगट धरलं.

"हा राहू द्या ना, काका."

"कागद मागे ठेवत नाही मी, बाळा."

हात सवयीने चालले. चारही कोपऱ्यांची चिकटपट्टी सुटली. अकरा कागद, मोजून बरोबर.

संध्याकाळी घरी आल्यावर ते बूटही न काढता खुर्चीत बसले. फोन वाजला. मुलीची आई होती.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू... दोन घास खाऊन झोपली बघा. किती महिन्यांनी ती घरघर नाही. आत्ता दाराशी उभी राहून ऐकलं. काही म्हणजे काही आवाज नाही."

समोर टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, सात नंबरचा सगळ्यात वर. खिडक्या बंद होत्या. कागद मधोमध फुगला आणि सावकाश खाली बसला.

"ताई," वहीवाले म्हणाले, "तिला हलवून बघा."

"अहो, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा..."

"हलवा तिला... आधी."

फोनमध्ये पावलं वाजली, मग दार. टेबलावरचा कागद पुन्हा फुगला. वहीवाले तो खाली बसायची वाट पाहत राहिले.