बशीतली बटणं

बटणांची कामं मी आता घेत नाही. चेन लावून देते, हूक लावून देते, हवी तर नाडी घालून देते. शिलाईवालीला बटणाचं वावडं म्हणून गिऱ्हाइकं हसतात. तुम्ही हसला नाहीत, कारण विचारलंत. इस्त्री तापेपर्यंत बसा, सांगते. तो पाण्याचा पेला तेवढा इकडे सरकवा.

सुरुवात एका कुंडीपासून झाली. पंधरा दिवसांनी माझी नणंद येणार होती, तिच्या आईचं झाड न्यायला. सासूबाईंना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांच्या वस्तूंतलं तिने मागितलं ते एवढंच. जाड, मांसल पानांचं झाड. नर्सरीवाला त्याला सक्युलंट म्हणतो, आई त्याला जाडी म्हणायच्या. "जाडी सकाळपासून उपाशी आहे," म्हणत पाणी घालायला उठायच्या. पण आता झाड बुडाशी मऊ पडायला लागलं होतं. नेमकं द्यायच्या वेळी मेलं तर काय तोंड दाखवू, म्हणून मी नर्सरीवाल्याला गाठलं.

"मुळं कुजलीत. कुंडी बदला," तो म्हणाला. "काळी मुळं कापा, दोन दिवस झाड कागदावर सुकू द्या, मग कोरड्या मातीत लावा. आणि पुढे आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. हे तहानेने मरत नाही ताई, पाण्याने मरतं."

पाण्याने मरणार नाही तर काय. शेवटच्या दोन वर्षांत आईंच्या लक्षात काही राहत नव्हतं. झाडाला दिवसातून चारदा पाणी घालायच्या, आणि स्वतः प्यायलो की नाही ते आठवायचं नाही. डॉक्टरांनी तर सांगितलेलं, दिवसाला सहा पेले पाणी पोटात गेलंच पाहिजे. तेव्हा मी माझ्या डब्यातली बटणं काढली. झाडाला पाणी घातलं की मातीवर एक बटण ठेवायचं. बटण दिसतंय तोवर पुन्हा पाणी नाही. आईंच्या उशाशी एक बशी ठेवली. एक पेला प्यायला की बशीत एक बटण. सहा झाली की दिवस भरला, रात्री बशी डब्यात रिकामी करायची. मला या युक्तीचा भारी अभिमान होता. दहा जणींना सांगितली असेल.

कुंडी आडवी करून कडेने थोपटली आणि मातीचा गड्डा ओढून काढला. साचलेल्या पाण्याचा वास आला, ओलं फडकं डब्यात राहून गेल्यासारखा. माती मोकळी करताना बोटाला टणक काहीतरी लागलं. बटण. मग दुसरं, तिसरं. पुन्हा पाणी घालता यावं म्हणून आई ती मातीत खुपसत होत्या. लबाड बाई. मला आधी हसूच आलं. एकोणीस बटणं निघाली. केसासारखी बारीक मुळं त्यांच्या भोकांतून गेली होती, एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, कुणी टाके घालत बसल्यासारखी. ती मी एकेक करून कापली.

दोन दिवसांनी नवीन मातीची कुंडी घेतली. भोकावर खापरी, वर विटेचे बारीक तुकडे, मग भरड वाळू मिसळलेली कोरडी माती. झाड लावून आईंच्या खोलीतल्या खिडकीत ठेवलं. कुंडीखाली ठेवायला हाताशी आली ती बशी घेतली. ती कुठली बशी, हे ठेवताना माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता बघितलं तर माती ओली. बशीत एक पांढरं बटण.

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा विचारलं, "अहो, जाडीला पाणी तुम्ही घातलंत?"

"मी? ती अजून जिवंत आहे हेच मला आत्ता कळतंय."

मी ओली माती काढून कोरडी भरली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पुढच्या दुपारी मशीनवर बसले होते. बंद दाराआड पाणी ओतल्याचा आवाज आला. अगदी हळू, धार सांडू नये म्हणून जपून ओतावं तसा. मग बशीवर टक्... उघडून बघितलं. माती ओली, बशीत काळं बटण.

तिसऱ्या दिवशी मी आत जाऊनच बसले, आईंच्या पलंगावर. ऊन लख्ख होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. भीती वाटावी असं काहीच नव्हतं, तरी मला भीती वाटत होती. तीन वाजले. माझ्या डोळ्यांसमोर माती मधून काळी पडायला लागली आणि काळेपणा कडेपर्यंत पसरला. वर कुणी नव्हतं. मग बशीत टक्...

तपकिरी बटण होतं. भोकांत अजून हिरवा दोरा अडकलेला.

ते मी ओळखलं. आईंच्या गाऊनचं गळ्याशी आलेलं बटण. तपकिरी रीळ संपलं होतं म्हणून हिरव्या दोऱ्याने मीच लावलं होतं. आईंना घरातून शेवटचं नेलं तेव्हा तोच गाऊन अंगावर होता. बटण त्यांच्याबरोबर गेलं होतं.

मग मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या कुंडीला सांगितलं.

शेवटचा महिना आई अंथरुणावरून उठत नव्हत्या. त्या दिवशी माझ्याकडे शाळेचे चाळीस शर्ट होते, संध्याकाळी द्यायचे. दुपारी आईंनी हाक मारली, "अगं, पाणी दे गं."

मशीन न थांबवता मी म्हटलं, "आई, बशीत बघा. किती बटणं आहेत?"

"सहा दिसतात..."

"मग प्यायलात की तुम्ही."

थोड्या वेळाने पुन्हा हाक. पुन्हा मी तेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा त्या एवढंच म्हणाल्या, "असेल बाई..." त्यानंतर हाक आली नाही. शर्ट संपले, छान शांत झोपल्यात म्हणून मलाही बरं वाटलं. दिवेलागणीला आत गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. ओठ कोरडे, सालं निघालेले. त्यांच्यासाठी सकाळी भरलेला तांब्या काठोकाठ तसाच होता. बटणं आदल्या दिवशीची होती. रात्री बशी रिकामी करायची मी विसरले होते.

विसरले मी, आणि मान्य केलं त्यांनी.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी तांब्या ओतून टाकला.

"चुकलं माझं, आई," मी कुंडीला म्हटलं. "रविवारी तुमची लेक आली की दोघा भावंडांना सांगते. नक्की सांगते."

त्यानंतर माती कोरडीच राहिली. झाडाचं बूड घट्ट झालं, शेंड्याला नखाएवढं पान फुटलं. मला रडू आलं इतकं बरं वाटलं.

रविवारी नणंद आली. जेवणं झाली, हे आणि ती टेबलाशी बसून आईंच्या जुन्या गमती आठवत होते. मी कुंडी आणून समोर ठेवली. तिने पानांवरून हात फिरवला आणि विचारलं, "वहिनी, आईने शेवटी काही मागितलं का गं?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. शब्द ओठांपर्यंत आले होते, खरंच.

"नाही गं," मी म्हटलं. "झोपेतच गेल्या. काहीच मागितलं नाही."

ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "तू होतीस म्हणून गं." मग झाड छातीशी धरून गेली. बशी मागे राहिली.

तिला पोचवून वर आले तर घसा असा कोरडा पडला की जीभ टाळ्याला चिकटली. "अहो, जरा पाणी द्या."

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "आत्ताच तर प्यायलीस."

टेबलावर रिकामा पेला होता, शेजारी ती बशी, आणि बशीत हिरव्या दोऱ्याचं बटण.

दुसऱ्या दिवशी मी बटणांचा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. तुमची शपथ, या घरात तेव्हापासून एक बटण नाही. पाणी मात्र कितीही प्यायले तरी गळ्याखाली उतरल्यासारखं वाटत नाही. नणंदेला फोन लावते, दोन वाक्यं बोलते, आणि जाडी कशी आहे एवढंच विचारून ठेवते. झाड छान आहे म्हणते.

झाली तुमची इस्त्री. जाता जाता माठातलं पेलाभर पाणी द्याल का? काय म्हणालात? बोलता बोलता दोन पेले संपवले मी, तुमच्यासमोर?

असेल बाई. बशीत दोन दिसताहेत खरी.