मिनिटाला सात श्वास

खडक गाठायचा, पाण्याखाली साखळीला बांधलेली पोलादी पेटी वर काढायची आणि परत फिरायचं. मोहीम एवढीच होती. पेटीत वर्षभराच्या लाटांच्या नोंदी होत्या आणि त्या नोंदींवर तिची चार वर्षांची मेहनत उभी होती. आठवडाभरात हंगाम संपला की समुद्र साखळीसकट सगळं गिळणार! म्हणून दोन वर्षांची लेक सासूबाईंच्या हवाली करून, सूचनांचा लांबलचक कागद फ्रिजवर चिकटवून ती निघाली होती.

बोटीवर तिघंच. ती, कप्तान आणि कप्तानाचा धाकटा भाऊ. हा भाऊ पाणबुड्या. लांब टांगांमुळे त्याला सगळे बगळा म्हणत.

पहिल्याच दुपारी समुद्र बिथरला. बोट उचलली जाई, क्षणभर अधांतरी थांबे आणि धाडकन आपटे. बगळ्याला उलट्या सुरू झाल्या.

"पाण्याखाली शार्क, पाण्यावर मांजर," सुकाणूवरून कप्तान म्हणाला. "बादली जप रे, एकच आहे."

"दादा, तू जरा सरळ चालव, मग बोल."

तिला त्याची दया आली. उलटी आंबट, घसा जळतोय, म्हणजे पोटात आम्ल झालंय आणि आम्लाला उतारा सोडा. रसायनशास्त्राची पदवी काय उगाच घेतली होती? घरून आणलेल्या खाण्याच्या सोड्याचा एक चमचा तिने पाण्यात ढवळून दिला. बगळ्याने मोठा ढेकर दिला. "ताई, जादू आहे हो!" मग प्रत्येक उलटीमागे एक चमचा ठरूनच गेला. तीन दिवसांत डबा अर्धा झाला. तिसऱ्या संध्याकाळी ओठांना नि बोटांना मुंग्या येतायत असं तो म्हणाला; अंग आखडून बसल्यामुळे असेल, असं तिला वाटलं.

चौथ्या सकाळी खडक दिसला. काळा, फेसाने वेढलेला, जेमतेम अर्ध्या तासावर. ती धावतच खालच्या केबिनमध्ये आली. बगळा शांत झोपला होता.

"झोपू द्या त्याला," कप्तान वरून ओरडला. "उठला की ताजातवाना होईल."

पण ती त्याच्या छातीकडे बघत राहिली. गेल्या वर्षी लेक तापाने फणफणली, तेव्हापासून झोपलेल्या माणसाचे श्वास मोजायची खोडच तिला लागली होती. घरात नवरा यावरून चेष्टा करी. तिने घड्याळ धरलं. मिनिटाला सात. पुन्हा मोजले. सातच! नाडी दोन ठोके देई, एक खाई. तिने त्याचा हात उचलला. अंगठा तळव्यात वळलेला, बोटं एकमेकांना चिकटून ताठ, चोचीसारखी. ती सोडवता सोडवेनात.

"अरे, ऊठ. ऊठ बघू!"

त्याने डोळे उघडले. त्या डोळ्यांत ओळख नव्हती.

तो उसळला. कोपर तिच्या भुवईवर बसलं. ती फळकुटावर आदळली, डोळ्यात रक्त उतरलं. आपण पाण्याखाली अडकलोय असं त्याला वाटत होतं! त्याने आखडलेल्या दोन्ही तळव्यांत भिंतीला खोचलेला, दोर कापायचा सुरा धरला आणि दाराकडे झेपावला. कप्तान सुकाणू बांधून खाली आला, तोच सुरा त्याच्या दंडावरून फिरला. बोट कलंडली. दोघं भाऊ एकमेकांवर कोसळले. कप्तानाने त्याचं मनगट गुडघ्याखाली दाबलं, एकदा, दोनदा, आणि सुरा सुटला. बगळ्याचं सगळं अंग झटके देऊ लागलं. मिनिटभराने तो ओल्या गोणपाटासारखा सैल पडला.

आणि तिला कळलं. पोटातलं आम्ल तीन दिवस बादलीतून समुद्रात गेलं. आम्लाबरोबर क्षारही गेले. रक्त आम्लाच्या उलट्या बाजूला कललं, आणि वरून तिने चमच्याचमच्याने सोडा ओतला. श्वासावाटे जाणारं आम्ल तरी वाचवायला शरीराने श्वाससुद्धा आखडता घेतला होता. ती झोप नव्हती.

"मी केलंय हे," ती म्हणाली. "सोड्याने. मागे फिरवा. दवाखाना हवा, शिरेतून मिठाचं पाणी हवं."

कप्तानाने दंडाला फडकं आवळलं. "पेटी समोर आहे, मॅडम. याला नाही जमत तर मी उतरतो. वीस मिनिटं."

वीस मिनिटं! खिडकीत खडक वरखाली होत होता. चार वर्षं, आणि फक्त वीस मिनिटं. तिने तो एकदाच डोळे भरून पाहिला.

"तुम्ही वर आला नाहीत, तर बोट कोण चालवणार? मी? फिरवा."

"नक्की?"

"फिरवा म्हणते ना."

निघाले ते बंदर तीन दिवसांवर होतं, म्हणून कप्तानाने किनाऱ्यावरचं सगळ्यांत जवळचं बंदर धरलं. मग अकरा तास समुद्राने पाठलाग केला. मागून येणारी लाट कठड्यावर फुटे, केबिनमध्ये घोटाभर पाणी नाचे. एका तडाख्यात सुकाणूपुढची काच फुटली, कप्तानाच्या गालात घुसली, डोळा सुजून मिटला; तो उरलेल्या एका डोळ्याने चालवत राहिला. खाली तिने बगळ्याला कुशीवर वळवून स्वतःच्या अंगाशी बांधून घेतलं. तो शुद्धीवर येऊन गिळू शके तेव्हाच मीठ-साखरेचं पाणी, चमचा चमचा. बाकी वेळ श्वास मोजणं. एकदा इतका लांब खंड पडला की तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने श्वास घेतला. पुढे पुन्हा खंड पडला तेव्हा तिने दुसऱ्यांदाही मारली, तिसऱ्यांदाही!

दिवेलागणीला बंदर आलं.

दवाखान्यात बगळ्याच्या दोन्ही हातांत सलाईन लागलं. तासाभराने त्याची बोटं एकेक करून उघडली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई रक्ततपासणीचा कागद घेऊन बाहेर आल्या.

"थोडक्यात वाचलाय. अजून दोन तासांनी हृदय बंद पडलं असतं. इतका सोडा त्याला दिला कुणी?"

ती उभी राहिली. सांगायला तिने तोंड उघडलं.

"आम्ही दिला," कप्तान म्हणाला. गालावरच्या पट्टीमुळे त्याचे शब्द जड येत होते. "बोटीवर तिघं होतो. आम्ही दिला, आणि आम्हीच परत आणला. लिहा."