टाच आणि चवडा

रविवारी ती साडेपाचला उठे. चहाचे आधण ठेवून शिट्टी कोमट पाण्याने धुई, दोन्ही घड्याळे एकमेकांशी जुळवी, लाल आणि पिवळे कार्ड वेगवेगळ्या खिशांत ठेवी आणि मग बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारी. वडील वर्तमानपत्राआडून म्हणत, की आज तरी थ्रो-इनवर दया कर. ते स्वतः वीस वर्षे फुटबॉलचे पंच होते. बाहेर गेलेला चेंडू रेषेवरून हातांनी आत टाकला म्हणजे झाले. त्यात फेकणाऱ्याचे पाय काय बघायचे, डास मारायला तोफ कशाला, असे त्यांचे मत. तिचे म्हणणे, लहान नियमाला सूट दिली तर मोठ्या नियमाच्या वेळी कोणत्या तोंडाने शिट्टी वाजवायची?

सोमवारी ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायला बसली, तर पहिले गिऱ्हाईक म्हणून कालच्या सामन्यातला बचावपटू हजर. पेशाने सुतार, केसांत अजून भुसा होता. मागचा पाय उचलतो म्हणून या मोसमात तिने त्याचे अकरा थ्रो-इन चूक ठरवले होते.

"डोळे तपासायचे होते," तो म्हणाला.

"काय त्रास होतो?"

"मला काही नाही हो. पंचबाईंचे तपासायचे होते... पण त्याच इथे बसल्यात म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे?"

तिने मोठ्या कष्टाने हसू आवरले. त्याने पिशवीतून उजवा बूट काढून काचेवर, चष्म्यांच्या चौकटींमध्ये, ठेवला. पुढचे टोक पार झिजले होते. टाच उठते हे त्याने कबूल केले; पण चवडा जमिनीवर घासत राहतो, नाहीतर कातडे असे झिजेल कशाला?

"लाकडात मला सूतभर फरक कळतो," तो म्हणाला. "पाय जमिनीवरून सुटला तर कळणार नाही?"

फेकताना दोन्ही पायांचा काही ना काही भाग जमिनीला टेकलेला असला की पुरे, हा नियम तिला तोंडपाठ होता. तरीही नऊ वर्षे ती फक्त टाचच पाहत आली होती!

"पुराव्याशिवाय निर्णय फिरवत नाही मी," ती म्हणाली. "उद्या सहाला मैदानावर या."

दुसऱ्या दिवशी ती रेषेलगत दवाने भिजलेल्या गवतावर चक्क पालथी पडली, गाल जमिनीला लावून. धावायला आलेल्या एका आजोबांनी थांबून, डॉक्टरांना बोलावू का, असे विचारले. सुताराने तीस वेळा चेंडू फेकला.

"तीन चुकले," ती उठत म्हणाली. "सत्तावीस बरोबर. म्हणजे माझ्या अकरांतले बहुतेक... माफ करा."

तो जिंकल्यासारखा हसला नाही. तिच्या गालावर चिकटलेल्या गवताच्या पात्याकडे गेलेला त्याचा हात मध्येच थांबला.

"गवतच आहे," ती म्हणाली. "काढा."

उरलेले तीन सुधारायचे म्हणून दोघे रोज सकाळी भेटू लागले. महिन्याभरात तेही सुधारले; भेटी मात्र चालूच राहिल्या. एकदा चेंडू छातीशी धरून तो म्हणाला, "आता चुकत नाही, तरी येतो. का येतो, ते तुम्ही विचारत नाही."

"पंच विचारत नाहीत. बघतात."

"मग... काय दिसलं?"

तिने चेंडू त्याच्या हातातून घेऊन रेषेवर ठेवला. कान मात्र तापले. त्याच संध्याकाळी समितीचे पत्र आले. नऊ वर्षे ज्याची वाट पाहिली, तो अंतिम सामना तिला मिळाला होता. आणि त्यात खेळणार होता त्याचा संघ.

वडिलांनी मुलीचा चेहरा वाचला. आठ दिवस कळ काढ, आधी सामना मग बाकीचे, कोणाला कळणार आहे, असे त्यांनी समजावले.

"मला कळेल ना, बाबा. आपल्या माणसाच्या सामन्यात पंच व्हायचे नाही, हा नियमच आहे. लोकांच्या पायांना नियम लावते, तो माझ्या पायांना नको?"

तिने समितीला दोन पत्रे लिहिली. एकात सामन्यातून माघार. दुसऱ्यात आपली चूक, आणि सर्व पंचांनी टाच नव्हे, चवडा पाहावा अशी विनंती. पहिले वाचून चिटणीस हळहळले. दुसरे त्यांनी पंचांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले.

अंतिम सामना ती वडिलांशेजारी बसून पाहत होती. शेवटची चार मिनिटे, बरोबरी. सुताराने चेंडू डोक्यामागे नेला, टाच उठली... सारे मैदान पंचांकडे पाहू लागले. पंचांची नजर चवड्यावर होती. शिट्टी वाजली नाही. चेंडू थेट गोलसमोर गेला, एकाने डोके लावले, आणि जाळे हलले. ती उठून तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत राहिली.

"चवडा टेकलेला होता," वडील पुटपुटले. आयुष्यात प्रथमच त्यांनी पाय पाहिले होते.

सामना संपल्यावर तो चिखलासकट तिच्यासमोर आला. "नऊ वर्षांची वाट... माझ्यासाठी सोडलीत?"

"तुमच्यासाठी नाही. नियमासाठी." तिने त्याच्या बाहीवरचा चिखल झटकला. "पण तो नियम मला लागू झाला, तो तुमच्यामुळे."

सोमवारी दोघे समितीच्या कार्यालयात गेले. पंचांच्या पुढच्या मोसमाच्या अर्जात एक रकाना असतो: आपले नातलग खेळत असल्यास संघाचे नाव व नाते. दरवर्षी ती तिथे आडवी रेघ मारी. यंदा तिने त्याच्या संघाचे नाव लिहिले आणि नात्याच्या जागी, वळणदार अक्षरात, 'होणारे पती'. अर्ज त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि होकारार्थी मान डोलावली. मग तिने सही केली आणि अर्ज पेटीत टाकला.