मागच्या भिंतीवरचे दोन स्पीकर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालणार नाहीत. आणि तो मोबाइल उलटा ठेव बघू. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलीय, आणि तो माणूस असल्या गोष्टींना भीक घालणारा नव्हे. लोकांच्या घरी टीव्ही, स्पीकर बसवून देणं हा त्याचा धंदा.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. साडू दुकान बंद करत होता, तेवढ्यात एक गृहस्थ आला. बँकेत कॅशियर. घरी होम थिएटर होतं, समोर तीन स्पीकर, बाजूंना दोन. आता सोफ्याच्या मागच्या भिंतीवर आणखी दोन हवे होते, आणि तेही आजच. साडू म्हणाला, उद्या सकाळी येतो. गृहस्थ जागचा हलेना. शेवटी मनातलं बोलला. त्याची सात वर्षांची पोर वर्षापूर्वी तापाने गेली. बायको रोज रात्री तिचा व्हिडिओ लावते. त्यातली तिची हाक बायकोला मागून ऐकू येते, म्हणून ती मागे वळते आणि पहाटेपर्यंत तशीच बघत बसते. अन्नपाणी सुटलंय.

“मला काहीच ऐकू येत नाही हो,” तो म्हणाला. “पण मागे स्पीकर असला, तर मागून आवाज यायला काही कारण तरी राहील. नाहीतर हीसुद्धा माझ्या हातून जाईल.”

साडूने दुकानातला दिवा पुन्हा लावला. सामान उचललं आणि निघाला.

घरी जाऊन बघतो तर ॲम्प्लिफायर पाचच स्पीकरचा. जादाच्या वायरी जोडायला त्याला जागाच नाही. दुसरा कुणी असता तर सरळ सांगून घरी आला असता. पण त्या गृहस्थाची बायको दारात उभी राहून बघत होती, डोळे पार खोल गेलेले. साडूने दोन्ही स्पीकर भिंतीवर ठोकले, वायरी प्लास्टिकच्या पोकळ पट्टीतून खाली आणल्या आणि कपाटामागे तशाच मोकळ्या सोडून दिल्या. नुसते दिसले तरी काम भागतंय, असा त्याचा हिशोब. नवऱ्याच्या कानात तसं सांगितलं. मग साडूने बाईंना समजावलं, वहिनी, आता मागून काही आलं तर ते याच्यातून येतंय, वळायची गरज नाही.

बाई सोफ्यावर बसल्या. व्हिडिओ लागला. पोर सायकल चालवत होती. “आई, बघ!” म्हणून ओरडली.

आवाज समोरून आला.

आणि मग… मागूनही आला.

साडूने स्वतःच्या कानांनी ऐकला. नवऱ्यानेही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वायरी तर मोकळ्या होत्या.

बाई वळल्या नाहीत.

“छान बसवलेत हो,” त्या म्हणाल्या. “अगदी खरी वाटते.”

व्हिडिओ संपला. पडदा काळा झाला.

“आई… बघ ना.”

सोफ्याच्या अगदी मागे. खालून.

बाई समोरच बघत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा हसत होत्या.

साडूने तोंड उघडलं. नवऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलं. मान हलवली. नको… सांगितलं तर बायको जाते. नाही सांगितलं तर पोर. काय करेल माणूस? सांगा ना…

“आई… वळ ना गं…”

कुणी वळलं नाही.

मग मागून हुंदके. मग तेही नाहीत.

बाई उठल्या. आज झोप येतेय म्हणाल्या, आत गेल्या. त्यांचं आता बरं आहे, जेवतात, झोपतात. ती हाक काही पुन्हा आली नाही. बाप मात्र मधूनमधून साडूच्या दुकानात येऊन बसतो. साडू त्याच्यासाठी चहा मागवतो.

पण त्या रात्री बाईंच्या अंगावरची शाल सोफ्यावरच राहिली होती. एक टोक पाठीमागे लोंबत होतं. साडूने उचलायला हात लावला.

ते टोक मुठीत धरून ओढल्यासारखं चुरगळलं होतं. मूठ एवढीशी…

आणि ओलं होतं.